ग्वांगझू-शेनझेनची गगनचुंबी हॉटेलं: पैसे उंचीचे द्यायचे की जागेचे?

दर्यावर्दी

दक्षिण चीनबद्दल, विशेषतः ग्वांगझू आणि शेनझेनबद्दल, सुटी माहिती बरीच मिळते, पण मुक्काम कुठे करावा यावर सलग चर्चा दिसत नाही. २०२५च्या ऑक्टोबरात कोलकाता-ग्वांगझू थेट विमान पुन्हा सुरू झालं, पाठोपाठ दिल्लीहूनही. म्हणजे विचारणारे वाढणार. म्हणून हा धागा.

या शहरांत चैनीची हॉटेलं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, मनोऱ्याच्या माथ्यावरची. खाली कचेऱ्या, वर हॉटेल. ग्वांगझूच्या झूजियांग न्यू टाउन या नव्या व्यापारी भागात आयएफसी मनोऱ्याच्या वरच्या भागात फोर सीझन्स, समोरच्या ५३० मीटर उंच सीटीएफ इमारतीत रोझवूड, शेनझेनला केके-१०० मनोऱ्यात सेंट रेजिस. दुसरी, जमिनीला धरून असलेली जुनी. ग्वांगझूतच शामियान बेटावरचं व्हाइट स्वान १९८३चं, गार्डन हॉटेल १९८५चं.

माझं मत असं की बहुतेक जण पैसे उंचीचे मोजतात आणि शहर राहून जातं. ग्वांगझू हे पायी फिरायचं, गल्लीत खायचं, नदीकाठी बसायचं शहर आहे. दर वेळी सत्तर मजले उतरून रस्त्यावर यायचं असेल तर माणूस दिवसातून एकदाच बाहेर पडतो. जाणकारांनी सांगावं: उंच हॉटेल कधी घ्यावं, कधी टाळावं? सोबत ज्येष्ठ आणि शाकाहारी माणसं असतील तर काय बघावं?

उंचमाळा

अर्धं पटलं, अर्धं नाही. उंच हॉटेलात नुसता देखावा नसतो. आयएफसी सुमारे ४४० मीटर उंच, १०३ मजल्यांची. खालच्या कचेऱ्यांच्या भागात मधोमध लिफ्टांचा गाभा आहे. हॉटेल सुरू होतं तिथे कचेऱ्यांच्या लिफ्टा संपतात, त्यामुळे तो गाभा काढून टाकता आला आणि त्या जागी जवळजवळ तीस मजले उंच पोकळ चौक तयार झाला. सत्तराव्या मजल्यावरच्या लॉबीत उभं राहून वर पाहिलं की खोल्यांचे सज्जे एकावर एक चढत गेलेले दिसतात. हे जमिनीवरच्या हॉटेलात होत नाही, आणि एका रात्रीचे पैसे द्यावेत असंच ते आहे.

गैरसोय मात्र खरी, ती नीट समजून घ्यावी. तळमजल्यावर फक्त स्वागतकक्ष असतो. तिथून थेट लिफ्टने वरच्या लॉबीत जायचं, तिथे नोंदणी करायची, मग दुसऱ्या लिफ्टने खोलीच्या मजल्यावर. बाहेर पडतानाही तसंच, दोनदा लिफ्ट. सकाळी न्याहारीच्या आणि दुपारी बाराच्या, खोली सोडायच्या वेळेला रस्त्यापर्यंत यायला दहा मिनिटं सहज जातात. चष्मा किंवा छत्री वर राहिली तर तेवढीच वेळ पुन्हा.

कानाचंही बघा. सीटीएफमधली हिताचीची लिफ्ट सेकंदाला २० मीटर वेगाने चढते, ९५ मजले साधारण ४२ सेकंदांत. एवढ्या वेगवान लिफ्टा उतरताना मुद्दाम बऱ्याच सावकाश चालवतात, कारण हवेचा दाब वाढताना कानाला जास्त त्रास होतो. सर्दी झालेल्याने किंवा कानाचं दुखणं असलेल्याने दिवसात चार फेऱ्या करू नयेत.

जास्वंद

आधी महिना सांगा, मग मजला. मार्चमध्ये नव्वदाव्या मजल्यावरून फक्त पांढरा कापूस दिसतो.

उंचमाळा

@जास्वंद, अगदी. फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे 'ह्वेइनानत्येन'चे दिवस. थंडीची लाट ओसरली की समुद्रावरून उबदार, दमट वारा येतो आणि अजून गार असलेल्या भिंती-फरशांवर त्याचं पाणी होतं. तळमजल्यांच्या भिंती अक्षरशः ठिबकतात, कपडे वाळत नाहीत. अशा वेळी खिडकी उघडायची नाही, सकाळी आणि रात्री तर मुळीच नाही. एसी कोरडं करण्याच्या सेटिंगवर ठेवायचा आणि कपाटात ओले कपडे टांगायचे नाहीत. याच दिवसांत ढग खाली येतात आणि मनोऱ्यांचे माथे त्यात बुडतात. आरक्षण आधीच झालं असेल तर हॉटेलच्या पट्ट्यातला सगळ्यात खालचा मजला मागा, तिथून काहीतरी दिसण्याची शक्यता जास्त.

दृश्यासाठी जायचं तर ऑक्टोबरची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. हवा कोरडी, आकाश मोकळं. खोली दक्षिणेकडची मागा. हे दोन्ही मनोरे पर्ल नदीच्या उत्तर काठावर आहेत आणि ६०० मीटरचा कँटन टॉवर दक्षिण काठावर (कँटन हे ग्वांगझूचं जुनं नाव). उत्तरेकडच्या खोलीतून समोरच्या कचेऱ्यांच्या खिडक्या दिसतात.

मालवाहू

महिन्याबरोबर तारखाही बघा, नाहीतर खिसा रिकामा. कँटन फेअर हा ग्वांगझूचा मोठा व्यापारमेळा १९५७ पासून वर्षातून दोनदा भरतो. प्रत्येक हंगामाचे तीन टप्पे: वसंतात १५ ते १९ एप्रिल, २३ ते २७ एप्रिल, १ ते ५ मे; शरदात १५ ते १९ ऑक्टोबर, २३ ते २७ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. या काळात हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि फुकट रद्द करण्याची सोय बहुतेक ठिकाणी काढून घेतलेली असते. मधल्या तीन दिवसांच्या फटी मात्र कामाच्या. २० ते २२ एप्रिलला वगैरे दर थोडे उतरतात.

व्यापारासाठी जाणाऱ्यांनी मनोऱ्याचा नाद सोडावा. मेळा पाझोऊला, नदीच्या दक्षिणेला. मेट्रो लाइन ८ वर शिनगांगदोंग आणि पाझोऊ ही दोन स्टेशनं थेट मेळ्याच्या दारात. लाइन ८ वर किंवा तिच्यापासून एकाच बदलावर असलेलं हॉटेल घ्या. टॅक्सीच्या भरवशावर राहिलात तर संध्याकाळी सहाला हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात आणि गाडी मिळत नाही. परदेशी खरेदीदाराचा बिल्ला पुढच्या मेळ्यांतही चालतो, तो टाकून देऊ नका.

१ ते ७ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी. तेव्हा कारखाने बंद आणि रेल्वे तुडुंब.

निळावंती

हॉटेलची खोली आरक्षित करताना काय तपासायचं ते एकत्र लिहिते, कारण घोळ याच जागी होतात.

दर. मोठी हॉटेलं दिलेल्या दरावर १० टक्के सेवाशुल्क लावतात आणि त्या बेरजेवर ६ टक्के कर. मिळून १६.६ टक्के. एका साइटवर हे धरून दर दिसतो, दुसरीवर न धरता, आणि माणूस चुकीची तुलना करतो. बक्षिशीची पद्धत नाही, ती वेगळी द्यायची नाही.

अनामत. नोंदणीच्या वेळी मुक्कामाच्या भाड्याशिवाय अनामत रक्कम घेतात. क्रेडिट कार्डावर ती नुसती अडवून ठेवतात. डेबिट कार्डावरून मात्र पैसे खरोखर जातात आणि परत यायला काही आठवडेसुद्धा लागतात. म्हणून अनामतीसाठी क्रेडिट कार्डच.

न्हाणीघर. चीनमधल्या अनेक हॉटेलांत, चांगल्या हॉटेलांतही, न्हाणीघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये नुसती काच असते. पडदा असला तर तो कधी आतून ओढायचा, कधी बाहेरून. आई-वडिलांसोबत किंवा मोठ्या मुलांसोबत एका खोलीत राहणार असाल तर फोटो नीट बघा आणि पडदा आहे का हे लेखी विचारा. जेट स्प्रे गृहीत धरू नका. उंची हॉटेलांत विजेवर चालणारं, पाण्याची सोय असलेलं कमोड असतं, मधल्या दर्जात बहुधा नुसता कागद.

खिडकी. मधल्या दर्जाच्या हॉटेलांत बिनखिडकीच्या किंवा आतल्या बोळात उघडणाऱ्या खिडकीच्या खोल्या स्वस्तात विकतात. यादीत तसं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरांत.

नोंद. परदेशी माणसाची चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं, म्हणून मूळ पासपोर्ट लागतोच, फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. ओळखीच्यांच्या घरी राहिलात तर ही नोंद तुम्ही आणि घरमालकाने मिळून जवळच्या ठाण्यात करायची. परदेशी पाहुणे नाकारू नयेत असं सरकारने २०२४ मध्ये हॉटेलांना बजावलं आहे, तरी छोट्या ठिकाणच्या कर्मचाऱ्याला संगणकावर ही नोंद कशी भरायची ते माहीत नसतं आणि तो सरळ नाही म्हणतो. मोठ्या हॉटेलाचे पैसे यासाठीही वाजवी वाटतात.

चहाबाज

न्याहारी धरून दर घेऊ नका, एवढं माझं ऐका. ग्वांगझूत सकाळी हॉटेलात खाणं म्हणजे शहराची सर्वोत्तम गोष्ट सोडून देणं.

सकाळचा चहा, म्हणजे 'झाओछा', कसा घ्यायचा ते सांगतो. ताओ ताओ जू १८८०चं, लियानशियांग १८८९चं, ग्वांगझू रेस्टॉरंट १९३५चं. तिघांच्याही शाखा शहरभर आहेत. दारात क्रमांक घ्यायचा. शनिवार-रविवारी नऊनंतर गेलात तर तासभर थांबावं लागतं. स्थानिक आजी-आजोबा उजाडताच येऊन टेबलं धरतात, त्यामुळे साडेसातच्या आधी किंवा दीडनंतर जा.

बसल्यावर पहिला प्रश्न चहाचा. जड खाणार असाल तर पु-अर, पोटाला हलकं हवं तर शेवंती घातलेला पु-अर, सुगंध हवा तर तिएग्वानयीन. चहाचे पैसे माणशी लागतात, बिलात तो वेगळा आकडा दिसला तर दचकू नका. पहिल्या किटलीतल्या गरम चहाने कप, वाटी, काड्या विसळायच्या आणि ते पाणी टेबलावरच्या मोठ्या वाडग्यात टाकायचं. कोणी तुमचा कप भरला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं, तेच आभार. किटलीत पाणी संपलं की हाका मारायच्या नाहीत, झाकण तिरकं ठेवायचं.

पदार्थ छोट्या टोपल्यांत येतात आणि त्यांना वर्गवार ठरलेले दर असतात: लहान, मध्यम, मोठे, विशेष, सर्वोच्च. कागदावर त्या वर्गाखाली शिक्के पडत जातात. दोघांना चार-पाच टोपल्या पुरतात. सगळं एकदम मागवू नका. वाफेचे पदार्थ निवले की आवरण चिवट होतं. कोळंबीच्या 'हा गाऊ'चं आवरण गव्हाच्या निव्वळ स्टार्चचं असतं, ग्लुटेन काढलेल्या. म्हणून ते गरम असताना अर्धपारदर्शक आणि गार झाल्यावर रबरासारखं. तांदळाच्या पातळ गुंडाळ्या, 'छाँगफन', आधी संपवा, त्या सगळ्यात लवकर बिघडतात.

पाटपाणी

चहाबाज, वर्णन सुंदर, पण प्रश्न शाकाहारी ज्येष्ठांचा होता. त्यांना तिथे नेलंत तर चहा आणि भात एवढ्यावर राहतील.

कँटनी स्वयंपाकात मांस दिसत नाही तिथेही असतं. हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस, पातळ भातात हाडांचा रस, सारणाच्या गोड पावातसुद्धा डुकराची चरबी, आणि चवीला चिकन पावडर जवळजवळ सगळ्यात. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनातलं मांस वेगळं असतं. फोनवर चिनी अक्षरांत पूर्ण यादी लिहून ठेवा: मांस नको, मासे-कोळंबी नको, अंडं चालतं की नाही, डुकराची चरबी नको, ऑयस्टर सॉस नको, चिकन पावडर नको, हाडांचं पाणी नको. बोलताना 'वो छ्र सू' (मी शाकाहारी खातो) म्हणायचं आणि यादी दाखवायची.

खात्रीची जागा म्हणजे बौद्ध उपाहारगृहं. ग्वांगझूत दाफो मंदिराचं स्वतःचं शाकाहारी भोजनगृह आहे. परंपरेने तिथे कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मात्र बटाटा, गाजर, कंद सर्रास असतात, त्यामुळे जैन मंडळींनी तेवढं वेगळं विचारावं. मटणासारखे दिसणारे तुकडे सोयाचे किंवा ग्लुटेनचे असतात. ज्येष्ठांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ताट बाजूला सरकवतात.

आणि म्हणूनच, ज्येष्ठ बरोबर असतील तर हॉटेलची न्याहारी घ्या. उकडलेली रताळी, मका, सोया दूध, वाफवलेले साधे पाव, फळं, ब्रेड-लोणी, हे सगळं एका ठिकाणी मिळतं आणि विचारायला इंग्रजी जाणणारं माणूस असतं.

चहाबाज

@पाटपाणी, ज्येष्ठांसाठी मान्य. तरी एक सकाळ सगळ्यांनी चहाला जावं. दोन बोटांची टकटक आजोबांना फार आवडते, पुढे घरीही करतात.

गणकयंत्र

पैसे आणि फोन यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. भारतीयांचं सगळ्यात जास्त अडतं ते इथे.

यूपीआय चालत नाही. रोकड कायद्याने नाकारता येत नाही, पण फेरीवाल्याकडे सुटे नसतात. अलीपे आणि वीचॅट पे ही तिथली फोनवरून पैसे द्यायची अ‍ॅप, दोन्हींत परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. अलीपे आधी करा. वीचॅटचं खातं उघडताना कधीकधी जुन्या वापरकर्त्याची साक्ष मागतात आणि तिथे अडकायला होतं. सगळं भारतातून निघण्याआधी करायचं: बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, अलीपेत पासपोर्टचा फोटो द्या, कार्ड जोडा. ओटीपी भारतीय नंबरवर येणार, म्हणून ते सिम फोनमध्ये रोमिंगसह चालू हवंच. सिम काढून ठेवलं आणि शेनझेनच्या दुकानात बँकेने ओटीपी मागितला की व्यवहार तिथेच थांबतो.

२०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर अधिभार नाही, त्यावर ३ टक्के. ३५० युआनचं बिल असेल तर दुकानदाराला दोन भागांत घ्यायला सांगता येतं. हॉटेलचं बिल मात्र थेट कार्डाने द्या.

हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. रोमिंग सिमवर चालतं, कारण ती जोडणी तुमच्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडते. गूगल नकाशावर अवलंबून राहू नका. चीनचे नकाशे वेगळ्या, मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांक-पद्धतीवर बनतात, त्यामुळे तुमचा निळा ठिपका शेकडो मीटर बाजूला पडू शकतो, कधी चक्क नदीत. अ‍ॅमॅप किंवा आयफोनवरचा अ‍ॅपलचा नकाशा बरोबर दाखवतो.

टॅक्सीसाठी अलीपेच्या आतच दीदी ही गाडी बोलवायची सेवा आहे, इंग्रजीत. गाडीत बसल्यावर चालक फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो, ते चिनीत म्हणता यायला हवेत किंवा स्क्रीन दाखवायची. मनोऱ्यातल्या हॉटेलाला 'इमारतीचं नाव' टाकून गाडी बोलावू नका. कचेऱ्यांचं, मॉलचं आणि हॉटेलचं दार वेगवेगळ्या रस्त्यांवर असतं. हॉटेलचं नावच टाका.

सह्यगिरी

व्हिसाचा एक सापळा. शेनझेनहून हाँगकाँग इतकं जवळ आहे की लोक दुपारचं जेवण करून येऊ म्हणतात. शेनझेनमधलं फुतियान ते हाँगकाँगमधलं वेस्ट कौलून रेल्वेने १४ मिनिटं. पण हाँगकाँग किंवा मकावला गेलात म्हणजे चीनमधून बाहेर पडलात. व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपतो आणि सामान शेनझेनच्या खोलीत, तुम्ही कौलूनमध्ये, अशी अवस्था होते. अर्ज करतानाच दोन प्रवेशांचा मागा. हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते, ती फुकट आहे आणि तिची चिठ्ठी छापून न्यायची. चीनची २४० तासांची बिनव्हिसा सवलत भारतीय पासपोर्टला लागू नाही. व्हिडिओ बघून तिच्यावर विसंबू नका.

ग्वांगझू ते शेनझेन: ग्वांगझू साउथहून शेनझेन नॉर्थ अर्ध्या तासाच्या आसपास. पण ग्वांगझू साउथ शहराच्या बरंच बाहेर, पान्यूमध्ये. झूजियांग न्यू टाउनमध्ये राहत असाल तर ग्वांगझू ईस्टची थोडी सावकाश गाडी पकडा. घर ते घर वेळ सारखाच लागतो आणि शेनझेनला लोहूत, ऐन वस्तीत उतरता. तिकीट पासपोर्टवरच्या नावाने तंतोतंत काढायचं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे त्यांनी छापलं आहे तेवढंच नाव भरावं, आपल्या मनाने आडनाव घालू नये. फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं आणि त्याआधी सामानाची तपासणी असते, म्हणून पाऊण तास हातात ठेवा.

शेनझेन विमानतळावरून लाइन ११ ने आलात तर तिला दोन बिझनेस डबे असतात, भाडं तिप्पट. सामान आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर ते पैसे सार्थकी लागतात.

जुनीवही

शामियानचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाते. १८५६ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांच्या 'तेरा वखारी' जळाल्या. त्यानंतर वाळूच्या दांड्यावर भर घालून हे बेट तयार केलं, बहुतांश ब्रिटिशांना आणि उरलेलं फ्रेंचांना. त्या वखारींच्या काळात मुंबईचे पारशी इथे मोठ्या संख्येने होते. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या अनेक सफरी केल्या आणि अफू-कापसाच्या त्या व्यापारातला पैसा पुढे मुंबईत इस्पितळ आणि कलाशाळा होऊन उभा राहिला. ग्वांगझूच्या छांगझोऊ बेटावर पारशी कबरस्तान अजून आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं वैद्यकीय पथक १९३८ मध्ये चीनला पोचलं ते याच शहरात.

व्हाइट स्वान हाँगकाँगचे उद्योगपती हेन्री फोक यांनी स्थानिक सरकारबरोबर उभं केलं. त्या वेळी चीनमधल्या मोठ्या हॉटेलांत सामान्य नागरिकाला पाय ठेवता येत नसे. फोक यांनी दारं सगळ्यांना उघडी ठेवायचा आग्रह धरला. लोक लॉबीतला धबधबा बघायला लोटले, आजही लोटतात. तो धबधबा, त्याच्या माथ्यावरचा छोटा मंडप आणि खालचा पूल हे मुक्काम नसतानाही बघता येतं. दारं सगळ्यांना उघडी ठेवणं ही मला हॉटेलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. २०१२ ते २०१५ ते नूतनीकरणासाठी बंद होतं, आता खोल्या नव्या आहेत. नदीकडची खोली घ्या. बेटावर वडांच्या सावलीत सकाळी सहाला लोक व्यायाम करत असतात.

गावठाणकर

मनोऱ्याच्या खिडकीतून खाली बघितलंत तर मधेच दाट, बुटक्या घरांचा पुंजका दिसतो. ते झोपडपट्टी नव्हे, गाव आहे. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारची आणि गावची जमीन गावसमूहाची. शहर वाढताना सरकारने शेतं घेतली, पण घरांच्या जागा सोडल्या, कारण त्यांची भरपाई आणि पुनर्वसन महाग पडत होतं. गावकऱ्यांनी त्या जागांवर सहा-आठ मजले चढवले आणि कारखान्यांत, हॉटेलांत काम करणाऱ्यांना खोल्या भाड्याने दिल्या. दोन इमारतींत अंतर इतकं कमी की खिडकीतून हस्तांदोलन करता येईल. मुंबईत वरळीचा कोळीवाडा किंवा पश्चिम उपनगरांतली गावठाणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल: आधी गाव होतं, शहर नंतर त्याच्या भोवती आलं.

झूजियांग न्यू टाउनमध्येच लिएदे हे गाव होतं. २०१०च्या आशियाई खेळांच्या आधी ते पूर्ण पाडून गावकऱ्यांना तिथेच उंच इमारती दिल्या आणि पूर्वजांची देवळं नव्याने बांधली. ड्रॅगन बोटींच्या सणाला अजून तिथल्या खाडीत नावा उतरतात. गावकरी घरमालकांचं भलं झालं. भाडेकरूंना मात्र भरपाई मिळत नाही, ते लांब ढकलले जातात. शेनझेनचं बायशिझोऊ २०१९ पासून असंच रिकामं झालं. हॉटेलात तुमची खोली आवरणारी बाई अशाच एखाद्या गावात राहत असण्याची शक्यता मोठी आहे. ती गावं तुटत जातात तसा तिचा कामावर यायचा प्रवास लांबतो. या शहरांच्या श्रीमंतीबद्दल बोलताना हा हिशेब त्यात धरायलाच हवा असं मला ठामपणे वाटतं.

जास्वंद

@गावठाणकर, +१. अशा गावात संध्याकाळी जेवायलाही जाता येतं. रस्ता सार्वजनिक असतो, फक्त घरांचे फोटो काढू नयेत.

दर्यावर्दी

सगळ्यांनी भरभरून लिहिलंत, आभार. दोन प्रश्न उरतात. इतकी झगमगीत हॉटेलं मुंबईच्या मानाने स्वस्त कशी? आणि एवढ्या उंचीवर आग लागली तर?

उंचमाळा

आगीचं आधी. चीनच्या नियमानुसार १०० मीटरपेक्षा उंच सार्वजनिक इमारतीत आश्रयमजले लागतात. पहिला जमिनीपासून ५० मीटरच्या आत आणि पुढे दोन आश्रयमजल्यांत ५० मीटरपेक्षा जास्त अंतर नाही. तिथे वेगळी हवा-व्यवस्था असते आणि आग विझेपर्यंत थांबायची जागा. म्हणजे नव्वद मजले उतरायचे नसतात, जास्तीत जास्त दहा-बारा. खोलीच्या दारामागच्या नकाशावर आपला जिना कुठे आणि आश्रयमजला कितवा हे आल्याबरोबर बघा. ज्यांना पाच मजलेही उतरता येत नाहीत त्यांच्यासाठी उंच खोली घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. तिथे दर्यावर्दींचा मूळ मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

वादळाचंही तेच. जुलै ते सप्टेंबर टायफूनचा हंगाम. उंच मनोरे वाऱ्यात थोडे डुलतात, ते तसेच बांधलेले असतात, पण झुंबर हलताना दिसतं आणि लिफ्टा सावकाश केल्या जातात. सर्वोच्च इशारा लागला की मेट्रो, दुकानं सगळं बंद होतं. त्या दिवशी हॉटेलमध्येच राहायचं.

मालवाहू

दराचं मी सांगतो. स्थानिक सरकारं व्यापारी जमीन देताना बिल्डरला पंचतारांकित हॉटेल बांधायची अट घालत, कारण त्याने परिसराचा भाव वाढतो. बिल्डर घरं आणि कचेऱ्या विकून पैसा काढत, हॉटेल तोट्यात चाललं तरी चालत असे. ग्वांगझूच्याच आर अँड एफ या बांधकाम कंपनीने २०१७ मध्ये वांडा समूहाची सत्तरहून अधिक हॉटेलं एका दमात घेण्याचा करार केला आणि पुढे बांधकाम क्षेत्र कर्जात बुडाल्यावर ती कंपनीही अडचणीत आली. दुसरं कारण सरकारी ग्राहक. २०१२च्या डिसेंबरात उधळपट्टीविरुद्धचे आठ कलमी नियम आले आणि अधिकाऱ्यांच्या मेजवान्या, परिषदा आटल्या. कित्येक हॉटेलांनी पंचतारांकित मानांकनासाठी अर्ज करणंच सोडलं. त्यामुळे ताऱ्यांच्या आकड्यावर जाऊ नका, चार ताऱ्यांचं नवं हॉटेल पाच ताऱ्यांच्या जुन्यापेक्षा चांगलं असू शकतं. बांधणीचं किंवा शेवटच्या नूतनीकरणाचं वर्ष बघा, ते तिथल्या साइटवर दिलेलं असतं. दहा वर्षांत हात न लागलेल्या खोलीत त्या दमट हवेचा वास भिंतीत मुरतो.

निळावंती

मग दर्यावर्दी, विभागणी अशी करा: ज्येष्ठ असतील तर सगळे दिवस शामियान किंवा गार्डन हॉटेलचा परिसर. नसतील तर शेवटची एक रात्र वर, तीही हवामान बघून, फुकट रद्द होणारा दर घेऊन. पहिली रात्र नको, प्रवासाच्या थकव्यात ती झोपण्यात जाते.

दर्यावर्दी

पटलं. शेवटची रात्र, दक्षिणेकडची खोली, नोव्हेंबर.

गणकयंत्र

एक राहिलं. ग्वांगझूहून पुढे चीनमधल्याच विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक तपासा. २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत ३सी ही चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राची छाप नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती छाप नसते. सुरक्षा तपासणीत काढून घेतात. तिथे उतरल्यावर छाप बघून नवी घ्या आणि आपली घरीच ठेवा.